पाच फूट आठ इंच

रविवार, रात्री साडेअकरा

बिल्डरच्या सँपल फ्लॅटमधला पलंग मोजायला नको होता. खोली मोजून झाली होती, अंतर मोजायचा लेझर खिशात गेला होता, आणि निघता निघता उगाच हिला म्हटलं, ते माहितीपत्रक पायथ्याशी उभं धर जरा. उशाकडून बटण दाबलं. ५ फूट ८ इंच. वाटलं, यंत्रच चुकलं. हा लेझर मागच्या कडेपासून मोजतो की पुढच्या, ते सेटिंग खिशात दाबलं जाऊन बदलतं, आणि तेवढ्यानं यंत्राच्या लांबीएवढा, म्हणजे चारेक इंचांचा फरक पडतो. सेटिंग बरोबर होतं. परत दाबलं. ५ फूट ८.

दुकानातली गादी सव्वासहा फुटी असते. उशाची फळी धरली की पलंग साडेसहाचा होतो. या पलंगावर माझे पाय बाहेर येणार. "माझे नाही येणार," असं ही म्हणाली, त्यावर तो दाखवणारा मुलगा हसला. "सँपल आहे की ओ काका, त्याच्यावर झोपायचं थोडंच आहे!"

तेव्हापासून ते वाक्य कानातून जात नाही. त्याच्यात खोटं काहीच नाही, हीच पंचाईत आहे.

खोटं असेल असं वाटलं होतं ते क्षेत्रफळात. तिथे सापडलं नाही. कागदावर ५६० चौरस फूट कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, लिहिलंय, माझी बेरीज ५३१ आली. आधी जीव वर आला, मग शांतपणे बसून बघितलं. रेराच्या, म्हणजे घरखरेदीच्या कायद्याच्या, व्याख्येत बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि डक्ट धरत नाहीत, पण घरातल्या पार्टिशनच्या भिंती धरतात. लेझर काही भिंतीच्या पोटात शिरत नाही. ४० फूट लांबीच्या आतल्या भिंती, पाच इंच जाडीच्या, म्हणजे १६-१७ चौरस फूट तिथेच गेले. उरले १२-१३. महारेराच्या नमुना करारात तीन टक्क्यांपर्यंत फरक चालतो, तो इथे पावणेसतरा फुटांचा होतो. त्यातही कमी भरलं तर बिल्डरनं त्या फुटांचे पैसे ४५ दिवसांत व्याजासकट परत द्यायचे. सगळं नियमात. भांडायला जागा नाही.

पलंगाला मात्र कुठलाच नियम नाही.

बेडरूम १० बाय १०. त्यांच्या मांडणीत पलंग ५ फूट ८, समोरचं कपाट १६ इंच खोल, मध्ये सरळ तीन फुटांची वाट. ही आरामात फिरून आली तिथून. आता घरचं धरू. पलंग साडेसहा, कपाट दोन फूट, वाट उरली दीड फूट. पलंगातले दहा इंच आणि कपाटातले आठ, असे अठरा इंच. अर्धी वाट गेली की नाही! कपाट दोन फुटांचं लागतंच, कारण हँगर अठरा इंचांचा, त्याला पुढे-मागे मोकळं हवं. त्यांच्या १६ इंचांत हँगर आडवा बसतच नाही, म्हणून आत एकच शर्ट, तोही तोंड आपल्याकडे करून लटकवलेला. कपाटाचं दार दीड फुटाचं केलं तर उघडताना पलंगाला घासणार, म्हणून सरकती दारं. त्यांच्या रुळाला आणखी तीन-चार इंच जातात. वाट सव्वा फुटावर आली. आणि सँपल फ्लॅटमध्ये खोल्यांना दारंच नाहीत, नुसत्या चौकटी. अडीच फुटांचं दार आत उघडलं की तेवढ्या कोपऱ्यात काही ठेवता येत नाही. हे सगळं मी तिथे उभा असताना दिसलंच नाही. पलंग मोजल्यावर एकेक दिसायला लागलं.

घरी येऊन त्यांचे व्हॉट्सॲपवरचे फोटो परत काढले. ०.५ लेन्सचे, म्हणजे खोली रुंद दाखवणाऱ्या. कडेच्या फरश्या लांबुळक्या दिसतात त्यावरून कळतं. फोटोत खोली मोजायची असेल तर फरश्या मोजाव्यात. ६०० मिलिमीटरची फरशी म्हणजे जवळजवळ दोन फूट. पाच फरश्या आणि एक चिंचोळी पट्टी, झाली दहा फुटांची खोली. फोटोत मात्र ती चौदाची वाटते. माझ्या फोनमध्येही ती लेन्स आहे की. गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीचा फोटो मी तिनंच काढतो आणि गर्दी वाढवून दाखवतो, तेव्हा काही वाटत नाही.

मग एवढं का लागलं? फ्लॅटची किंमत बत्तीस लाख ऐकून नाही लागलं. तो हिशोब पाठ आहे. मुद्रांक शुल्क महापालिका हद्दीत सहा टक्के, म्हणजे १ लाख ९२ हजार. एकट्या हिच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत, ३२ हजार वाचतात; माझं नाव जोडलं की सवलत गेली. नोंदणी ३० हजार. बांधकाम चालू आहे म्हणून जीएसटी, पण ४५ लाखांच्या आत आणि ९० चौरस मीटरच्या आत म्हणून एकच टक्का, ३२ हजार. बँक ९० टक्के देईल, पण ती घराच्या किमतीवर. मुद्रांक-नोंदणी ती त्यात धरत नाही. म्हणजे ३ लाख २० हजार अधिक हे अडीच लाख, पावणेसहा लाख आधी हातात हवेत. त्यानंतर २८ लाख ८० हजारांचं कर्ज, आठ टक्क्यांनी पंधरा वर्षं, हप्ता साधारण साडेसत्तावीस हजार. वीस वर्षं केली तर चोवीसवर येतो, पण वीस वर्षं मला कोण देतंय? वयाचा रकाना भरताना तो मुलगा जरा थांबला होता. ते राहू दे.

रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो दर, २०२५ मध्ये साडेसहावरून सव्वापाचवर आला, बातम्यांत ‘हप्ता कमी होणार’ म्हणून नाचले. ज्यांची कर्जं चालू आहेत त्यांना विचारा. बँक हप्ता तसाच ठेवते, महिने कमी करते. फायद्याचं तेच आहे खरं तर, पण पहिल्या तारखेला खात्यातून तेवढेच जातात ना.

सोलापूरजवळ कुंभारीला रे नगर वसाहतीत विडी कामगारांनी वर्षानुवर्षं धरून बसून घरं मिळवली. ३० हजार घरांचा प्रकल्प, १९ जानेवारी २०२४ ला १५ हजारांचा ताबा. मी विडी वळत नाही आणि बिल्डरही नाही. आमच्यासारख्यांसाठी मोर्चा कोण काढणार, असं मनात आलं, आणि लगेच लाजही वाटली. त्यांनी मोर्चे काढले, मी लेझर काढला.

अण्णांना अजून काही बोललो नाही.

फ्लॅट दाखवणाऱ्या मुलाला एक प्रश्न बरा विचारला आज. पाण्याची टाकी केवढी? "भरपूर आहे." सोलापुरात भरपूर म्हणजे काय, ते लिटरमध्येच बोलावं लागतं. माणशी १३५ लिटर, चौघांचे ५४०, पाणी पाच दिवसांआड म्हटलं तर एका घराला २७००. चोवीस घरांना ६४,८०० लिटर, तेही खालच्या हौदात, वरच्या टाकीचं नंतर बघू. त्याच्या नकाशात हौद ३० हजारांचा निघाला. उरलेल्याचा टँकर, आणि टँकर मेंटेनन्समध्ये. उजनी धरण भरलं तरी काय नि नाही तरी काय. हे पलंगापेक्षा कितीतरी मोठं आहे, कळतंय मला. तरी झोप उडवली पलंगानंच.

बहुतेक असं असेल. किंमत त्यांनी माझ्याकडे बघून सांगितली, घासाघीस करता येते. पलंग मात्र मी येण्याच्या आधीच कुणीतरी सुताराला सांगून दहा इंच कापून घेतला होता. मोजणारा कुणी येईल हे त्यांनी धरलेलंच नव्हतं.

तसा सुतार चांगला होता म्हणा. सांधे सुबक होते, लांबी-रुंदी एका प्रमाणात घटवलेली, नुसत्या डोळ्यांना बाप जन्मात कळलं नसतं. आमच्या कपाटाचं दार नीट लागावं म्हणून दोन वर्षं सुतार शोधतोय, त्यालाच विचारायला हवं होतं.

साडेदहाला आलेखाचा कागद काढला. एक फुटाला एक सेंटिमीटर. पलंग, कपाट, शिलाई मशीन, अण्णांची खुर्ची, सगळ्याचे तुकडे कापले. पलंग खिडकीच्या भिंतीला लावला तर दार पुरतं उघडतं, वाटही पावणेदोन फूट राहते, पण मग अर्धी खिडकी उघडत नाही. ही झोपायच्या आधी येऊन बघून गेली आणि शिलाई मशीन बाल्कनीत ठेवून गेली. पावसाचं काय विचारलं तर म्हणाली, "कागदावर नाही पडत."

कपाटाचा तुकडा पंख्याच्या वाऱ्यानं उडाला. टेबलाखाली बघितलं, नाही सापडला. त्याच्याशिवाय खोली छान दिसतेय.