एका नाण्याची मुदत

गेम पार्लरमधलं रिकामं यंत्र गप्प बसत नाही. समोर चिटपाखरू नसलं तरी पडद्यावर डाव चालूच असतो. नायक धावतो, उडी मारतो, भलत्याच ठिकाणी मरतो, मग सर्वाधिक गुणांची यादी येते आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. हा नमुन्याचा डाव बहुतेकदा इतका गचाळ असतो की बघणाऱ्याला वाटावं, याच्यापेक्षा मी बरा खेळेन. तसं वाटलं की हात खिशाकडे जातोच.

पार्लर गेले म्हणून हळहळणारे लोक अंधार, कलकलाट आणि रंगीत दिवे यांच्या आठवणी काढतात. त्यात खोटं काही नाही, पण या सगळ्याच्या मुळाशी होतं ते नाणं. जीव तीनच का, डाव दोन-तीन मिनिटांत का आटपायचा, मागे उभी असलेली पोरं एवढी का ओरडायची, हे सगळं नाण्यानं ठरवलेलं. अटारी कंपनीचं 'पाँग' हे यंत्र १९७२ साली कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या एका बारमध्ये ठेवलं होतं. थोड्याच दिवसांत यंत्र बंद पडल्याचा निरोप आला. ते बनवणारे अॅलन अल्कॉर्न दुरुस्तीला गेले, तर नाण्यांचा डबा तुडुंब भरून यंत्र अडलेलं. धंद्याच्या सुरुवातीचा हा बिघाड गल्ला ओसंडल्याचा होता, आणि मालकांना पुढे अशा तक्रारी कायम ऐकायला आवडल्या असत्या.

पण एका नाण्यात खेळाडू किती वेळ टिकतो यावर गल्ला अवलंबून, त्यामुळे मालक आणि खेळाडू यांची पडद्याआड कायमची रस्सीखेच. 'स्पेस इनव्हेडर्स'ला (१९७८) तर यात यंत्रानंच मदत केली. पडद्यावर ११ गुणिले ५ असे ५५ परग्रही, आणि प्रोग्राम एका फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्राला, त्यातला एकच सरकवणार. सेकंदाला साधारण ६० फ्रेम, म्हणजे सगळी फौज एक पाऊल सरकायला जवळपास एक सेकंद. निम्मे मेले की अर्धा सेकंद. शेवटचा एकटा उरला की तो प्रत्येक फ्रेमला पळतो. शत्रू कमी झाला की वेग वाढतो, ही खेळातली सगळ्यात भारी युक्ती प्रोसेसरच्या मर्यादेतून आपोआप निघाली. खेळ बनवणारे तोमोहिरो निशिकादो यांना ती दिसली आणि त्यांनी ती तशीच ठेवली. डाव पटकन संपू लागला, तोही खेळाडूला फसवल्यासारखं न वाटता.

खेळाडूही काही कच्चे नव्हते. 'अॅस्टेरॉइड्स'मध्ये (१९७९) एखादाच दगड शिल्लक ठेवायचा, पडद्याच्या कडेला दबा धरायचा आणि छोटी तबकडी आली की टिपायची. एका तबकडीचे १,००० गुण आणि दर १०,००० गुणांना एक जादा यान. ज्याचा हात बसला तो एका नाण्यावर तासन्‌तास खेळायचा. 'पॅक-मॅन'ची (१९८०), म्हणजे चक्रव्यूहात भुतं चुकवत फिरणाऱ्या पिवळ्या गोळ्याची, गत वेगळी. त्यातली भुतं मनाला येईल तशी फिरत नाहीत. तुम्ही त्याच वाटेनं त्याच वेळी वळलात तर तीही दर वेळी तशीच वळतात. हे ध्यानात आल्यावर लोकांनी अख्खे मार्ग पाठ केले.

मालकाकडे यावर पहिला उपाय म्हणजे यंत्राच्या आतल्या सर्किट बोर्डावरचे डिप स्विच, अगदी बारीक कळांची पट्टी. 'पॅक-मॅन'मध्ये त्यावर जीव १, २, ३ किंवा ५ ठेवता येतात. जादा जीव १०,०००, १५,००० किंवा २०,००० गुणांना, नाहीतर द्यायचाच नाही. 'हे मशीन आज अवघड झालंय' असं पोरं म्हणायची ते उगाच नव्हे. स्विचनंही भागेना तेव्हा जोडबोर्ड आले, म्हणजे मूळ बोर्डाला जोडून खेळ बदलणारे छोटे बोर्ड. एमआयटीतल्या काही विद्यार्थ्यांनी 'मिसाइल कमांड' अवघड करणारा जोडबोर्ड काढून विकायला सुरुवात केली आणि अटारीनं त्यांना कोर्टात खेचलं. पुढे तडजोड झाली. त्याच मंडळींनी 'पॅक-मॅन'साठी केलेला जोडबोर्ड अमेरिकेत 'पॅक-मॅन' विकणाऱ्या मिडवे कंपनीनं घेतला आणि १९८२ साली 'मिस पॅक-मॅन' म्हणून बाजारात आणला. त्यात भुतांच्या चालीत थोडी अनिश्चितता घातली होती, त्यामुळे पाठांतरवाले पुन्हा गल्ल्याच्या वाटेवर आले.

नाण्याचा हिशेब सगळ्यात उघडपणे मांडला तो 'गॉन्टलेट'नं (१९८५). चौघांनी एकदम खेळायचं आणि प्रत्येकाची तब्येत आकड्यात. हा आकडा नुसतं उभं राहिलं तरी उतरत जातो, नाणं टाकलं की वर जातो. याच्याइतका निर्लज्ज आणि तरीही इतका मजेदार खेळ विरळाच. 'स्ट्रीट फायटर २' (१९९१) मात्र खरा हुशार. हरणाऱ्यानं बाजूला व्हायचं, जिंकणाऱ्यानं तिथेच उभं राहायचं, आणि पुढचं नाणं आव्हान देणाऱ्याचं. अवघड करायची गरजच उरली नाही, कारण तीनपैकी दोन फेऱ्या जिंकल्या की डाव खलास आणि समोरचा भिडूच तुमचे पैसे बुडवणार. काचेच्या खालच्या कडेवर ओळीनं नाणी मांडून नंबर लावायची पद्धत चालायची ती अशाच यंत्रांवर.

हे सगळं चालायचं ते मात्र यंत्र धड असेल तरच, आणि धड ठेवणं हा वेगळाच धंदा. जॉयस्टिकच्या दांडीखाली चार मायक्रोस्विच असतात. त्यांच्या खाली एक पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची चौकट. दांडी चारच दिशांना जावी की आठ, हे त्या चौकटीवर ठरतं. 'पॅक-मॅन'ला आठ दिशांची दांडी लावली की वळणावर तिरका हात पडतो, दोन स्विच एकदम दबतात आणि पिवळा गोळा कोपऱ्यावर अडकून मरतो. गिऱ्हाईक यंत्राला लाथ घालतं, मालक स्विच बदलतो, स्विचचा काडीचा दोष नसतो. चौकट फिरवून चार दिशांवर आणली की काम झालं.

दांडी ढिली झाली असेल तर पॅनेल उघडून खालची ई-क्लिप (इंग्रजी E च्या आकाराची छोटी कडी) स्क्रू-ड्रायव्हरनं काढावी लागते. काढताना दुसऱ्या हाताचं बोट तिच्यावर दाबून धरायचं, नाहीतर ती उडते आणि पुन्हा सापडत नाही. मग वॉशर, स्प्रिंग आणि स्विच दाबणारा भाग ज्या क्रमानं निघेल त्याच क्रमानं मांडून ठेवायचा. मळ पुसायचा, फिरत्या जागी बोटाच्या टोकाएवढं ग्रीस लावायचं. जास्त लावलं की ते मायक्रोस्विचमध्ये उतरतं आणि नवं दुखणं सुरू. जुन्या यंत्रांच्या बटणाखाली मायक्रोस्विचऐवजी पितळी पात्यांची जोडी असते. त्यांच्या टोकांवर कानस कधी चालवू नये, वरचा मुलामा निघतो. जाडसर कोरं कार्ड दोन पात्यांमध्ये धरायचं, पाती बोटानं हलकेच दाबायची आणि कार्ड ओढून घ्यायचं. दोन-तीनदा केलं की कार्डावर काळी रेघ उमटते आणि बटण पुन्हा बोलू लागतं.

डाव मध्येच बंद पडून यंत्र पहिल्यापासून सुरू होत असेल तर बहुतेक जण बोर्डाला दोष देतात. आधी मीटर लावावा, तोही पॉवर सप्लायपाशी नको, बोर्डाच्या कडेवर. तिथे ५ व्होल्ट हवेत. ४.७५च्या खाली गेलं की चिप बिथरतात, पडद्यावर भलतीसलती अक्षरं येतात. सप्लायवरचा स्क्रू फिरवून ५.०५ करता येतं, पण सप्लायपाशी ५.१ आणि बोर्डावर ४.७ अशी तफावत दिसली तर स्क्रूला हात लावू नये. दोष कनेक्टरमध्ये आहे. जपानी उत्पादकांनी १९८५च्या सुमारास ठरवलेल्या जामा पद्धतीत बोर्डाच्या कडेला एकूण ५६ टोकं असतात. ती काळी पडली की विजेच्या वाटेतला अडथळा वाढतो, तिथेच उष्णता होते आणि प्लॅस्टिक तपकिरी पडतं. पेन्सिलच्या खोडरबरानं टोकं घासायची, वर अल्कोहोलचा बोळा फिरवायचा. निम्मे 'मेलेले' बोर्ड एवढ्यावर उठून बसतात. रबराचा चुरा मात्र झटकून टाकायचा.

पिक्चर ट्यूबचं तसं नाही. तिच्या रबरी टोपीखाली वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि तो प्लग काढल्यावरही टिकून राहतो, म्हणून ट्यूबमधली साठलेली वीज उतरवल्याशिवाय आत हात घालणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि हे काम शिकलेल्यानंच करावं. चित्र वरून दुमडलं किंवा आकसलं की बहुधा सुकलेले कपॅसिटर बदलून भागतं. ट्यूबच गेली तर नवी मिळत नाही, कुणी बनवतच नाही. एलसीडी बसवता येतो, पण बंदुकीचे जुने खेळ त्यावर चालत नाहीत. ती बंदूक गोळी कुठे लागली हे पडद्यावर धावणाऱ्या किरणाच्या वेळेवरून ओळखते. एलसीडीत तसा किरणच नाही.

खर्च असे वाढत असताना नाणं होतं तिथेच राहिलं. जपानमध्ये एका डावाला १०० येन ही रीत पडली ती पडलीच. १९८९ साली ३ टक्के उपभोग कर आला, १९९७ला ५, २०१४ला ८, २०१९ला १० टक्के झाला. इतर दुकानदार किंमत थोडी चढवतात. नाण्याच्या फटीत १०३ येन कसे घालणार? १० टक्के कर आतून भरला की मालकाच्या हाती ९१ येनच्या आत उरतात. अमेरिकेत १९८० ते २०२० या काळात सर्वसाधारण किमती तिपटीहून जास्त वाढल्या, तरी पाव डॉलरची फट पाव डॉलरचीच. तिथे पुढे टोकन आणि कार्डं आली. कार्ड सरकवलं की किती गेले ते कळत नाही, त्यामुळे मालकांची सोय झाली, पण मांडीला टोचणारी नाणी संपली की घरी जायचं, हा धाक गेला.

घरच्या यंत्रांनी ग्राहक पळवले हे खरंच आहे. १९९४ साली आलेला 'टेकेन' ज्या बोर्डावर चालायचा तो सोनीच्या प्लेस्टेशनच्या आधारेच बनवलेला होता. जे पार्लरमध्ये, तेच पुढच्या वर्षी घरच्या टीव्हीवर, मग नाणं कशाला टाकायचं? पार्लरांनी मग घरी मावणार नाही ते आणलं. पायाखाली नाचायच्या पाट्या, गाडीच्या सीट, खेळणी उचलणारे पंजे. पंज्यांनी जागा भरून काढली खरी, पण तिथे हात बसत नाही, नशीबच बसतं. करोनाकाळात सेगा या जपानी गेम कंपनीनं २०२०च्या डिसेंबरमध्ये आपल्या पार्लरच्या व्यवसायातला मोठा हिस्सा गेंडा कंपनीला विकला आणि २०२२च्या सुरुवातीला उरलेलाही. दारावरचं सेगाचं नाव उतरलं आणि तिथे 'गिगो' आलं.

खेळ मात्र हरवले नाहीत. १९९७ साली सुरू झालेल्या 'मेम' या प्रोग्राममुळे हजारो जुने बोर्ड आज संगणकावर चालतात, अगदी चिपमधल्या चुकांसकट. त्यात ५ची कळ दाबली की नाणं पडतं, १ दाबलं की डाव सुरू. ५ वर बोट ठेवून 'गॉन्टलेट' कितीही वेळ खेळावं, काही वाटत नाही. दबा धरायची गरज नाही, मार्ग पाठ करायची गरज नाही, मेलो तर मेलो. जुनी यंत्रं ठेवणाऱ्या नव्या बारमध्येही बऱ्याचदा डिप स्विच फुकट खेळावर असतो. तिथे नीट पाहिलं तर लोक दोन मिनिटांत अर्धा डाव टाकून शेजारच्या यंत्रावर जातात, मागे कुणी उभं राहत नाही आणि ओरडत तर नाहीच.

म्हणून घरी गेमचं जुनं कॅबिनेट, म्हणजे पार्लरमधलं अख्खं यंत्र, आणणाऱ्यांना सांगावंसं वाटतं, स्विच फुकट खेळावर टाकू नका. नाण्याची फट चालू करून घ्या. यांत्रिक फटीत नाणं जाडी, व्यास आणि वजनावर पारखलं जातं, तेव्हा एकाच मापाची पन्नासेक टोकनं घ्या आणि आत चुंबक असेल तर ती लोखंडी नसतील हे पाहा. डब्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्या. पाहुण्यांना प्रत्येकी पाचच टोकनं द्या आणि जीव तीनवर ठेवा. दोनवर ठेवलंत तर पोरं रुसतात, पाचवर ठेवलंत तर रांग हलत नाही.