तुम्ही विचारलंत म्हणून: हे बिननावाचं इंजिन कुणाचं?

"जुन्या गो-कार्टचं (छोट्या, उघड्या शर्यतीच्या गाडीचं) इंजिन हाती लागलंय, त्यावर नाव नाही, नंबर नाही. कुठल्या कंपनीचं असेल?" हा प्रश्न मला सतत विचारला जातो. सोबत फोटो असतो, आणि तो जवळजवळ नेहमी फ्लायव्हीलवरच्या, म्हणजे इंजिनाच्या जड फिरत्या चाकावरच्या, पत्र्याच्या आवरणाचा. नेमकी तीच बाजू सगळ्यात कमी भरवशाची. नावाची पट्टी बऱ्याचदा याच आवरणावर रिव्हेटने ठोकलेली असे. आवरण चेपलं, बदललं, की ओळख गेली.

शिवाय यातली बरीच इंजिनं मुळात कार्टसाठी नव्हतीच. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्सने पहिली कार्ट बांधली, ती गवत कापायच्या यंत्रासाठी बनलेल्या वेस्ट बेंडच्या टू-स्ट्रोकवर. मॅकलक ही चेनसॉ बनवणारी कंपनी. ती १९५९ मध्ये एमसी-१० घेऊन या मैदानात उतरली. म्हणून आकार पाहून 'हे तर करवतीचं इंजिन' असं वाटलं, तरी ते कार्टचं असू शकतं.

माझा आग्रह एकच: जे बोल्ट काढून बदलता येतं, त्याच्यावर विसंबू नका. टिलटसन कंपनीचा एचएल कार्ब्युरेटर (हवा आणि इंधन मिसळणारा भाग) तर कितीतरी कंपन्यांच्या इंजिनांवर सापडतो. खरी साक्ष क्रँककेसची, म्हणजे ज्यात क्रँकशाफ्ट हा मुख्य दांडा फिरतो त्या खालच्या घराची.

सगळ्यात आधी पाहा, इंजिन श्वास कुठून घेतं. कार्ब्युरेटर क्रँककेसवर असेल तर तो उतरवा आणि आत डोकवा. पातळ, लवचिक पात्या दिसल्या तर ते रीड व्हॉल्व्हचं इंजिन. मॅकलक आणि वेस्ट बेंड ५८० या गटातली. क्रँकशाफ्टबरोबर फिरणारी चकती दिसली तर रोटरी व्हॉल्व्ह, आणि मग इटलीकडे वळा: पारिला, कोमेट. कार्ब्युरेटर थेट सिलिंडरवर असून पिस्टनच हवा-इंधन आत घ्यायचं भोक उघडत-मिटत असेल, तर पिस्टन पोर्ट. यामाहाचं केटी-१०० हे त्यातलं सर्वांत ओळखीचं. एवढ्या एका तपासणीत निम्म्याहून जास्त नावं गळतात, म्हणून मी तिच्यावर इतका भर देतो.

फिरण्याच्या दिशेवरून मात्र निष्कर्ष काढू नका. जुन्या अमेरिकन कार्टवर मागे डावी-उजवीकडे दोन इंजिनं लावत, आणि रीड व्हॉल्व्हला दिशेशी देणंघेणं नसतं. इग्निशनची, म्हणजे ठिणगीची, वेळ जुळवली की तेच इंजिन उलटंही चालतं.

मग मापं. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, व्हर्नियर कॅलिपरने घ्या; स्ट्रोक म्हणजे पिस्टन सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली जातो त्या दोन जागांमधलं अंतर. बोअरचा वर्ग गुणिले स्ट्रोक गुणिले ०.७८५४, मापं सेंटिमीटरमध्ये असतील तर उत्तर थेट सीसीमध्ये. केटी-१०० चा बोअर ५२ मिमी, स्ट्रोक ४६ मिमी, म्हणजे जेमतेम ९८ सीसी. अमेरिकन इंजिन असेल तर उत्तराला १६.३९ ने भागून घनइंच काढा, कारण तिथे पुष्कळदा मॉडेलच्या नावातच घनइंच लपलेले असतात: वेस्ट बेंड ८२० म्हणजे ८.२ घनइंच, सुमारे १३४ सीसी. पॉवर प्रॉडक्ट्सचं एएच-५८ म्हणजे ५.८. मॅकलकला हा नियम लागू नाही. एमसी-१०१ हे १२३ सीसीचं आहे. आणि सिलिंडर घासून मोठा केलेला असेल, तर आकडा थोडा वर जातो, तेवढी सूट ठेवा.

उठावाची अक्षरं असलेले नंबर ओतकामाचे असतात. ते त्या भागाचे, मॉडेलचे नव्हेत. एकच क्रँककेस अनेक मॉडेलांना वापरत. ठोक्याने कोरलेला नंबर जास्त मोलाचा, आणि तोच तारेच्या ब्रशने किंवा सँडब्लास्टिंगने कायमचा पुसला जातो. कृपा करून तसं करू नका. रॉकेल, मऊ ब्रश, आणि टॉर्च बाजूने तिरका धरा. पुढच्या वेळी फोटो पाठवाल तेव्हा कार्ब्युरेटर उतरवलेल्या जागेचा, क्रँककेसच्या तळाचा आणि इंजिन बसवायच्या भोकांमधल्या अंतराचा पाठवा.