तुम्ही विचारलंत म्हणून: पीएचडी कधी संपणार?

गावी गेले की मामी विचारते, शाळेतल्या बाई विचारतात, शेजारचे काकाही विचारतात: "पीएचडी कधी संपणार गं? चिखलातले जंतू वाढवायला इतकी वर्षं लागतात?"

लागतात.

मी गोव्यात समुद्रतळावरच्या मिथेनच्या झऱ्यांमधल्या सूक्ष्मजीवांवर काम करते. कृष्णा-गोदावरीच्या मुखांसमोर, बंगालच्या उपसागरात दीड किलोमीटरहून खोल असे झरे आहेत. तिथे ऊन पोचत नाही, आणि चिखलात जरा खाली गेलं की ऑक्सिजनही नाही. तरी तिथे एक जोडी नांदते: मिथेनवर जगणारे आर्किया (दिसायला जीवाणूंसारखे, पण वेगळ्याच कुळातले एकपेशीय जीव) आणि त्यांना बिलगलेले, सल्फेट वापरणारे जीवाणू. आर्किया मिथेन मोडतात, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन शेजाऱ्याला देतात. शेजारी त्यांच्या बळावर सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड करतो. म्हणून तर जहाजावर चिखलाची नळी उघडली की डेकवर सडक्या अंड्यांचा वास सुटतो. या व्यवहारात ऊर्जा अगदीच थोडी हाती लागते, आणि तीही दोघांत वाटून घ्यायची. दुधाला रात्री विरजण लावलं की सकाळी दही तयार. इथे एकाचे दोन व्हायला काही महिने जातात. आणि समुद्रतळाखालचा बहुतेक मिथेन पाण्यात पोचण्याआधी संपवतात ते हेच. एवढं मोठं काम करणाऱ्या जीवांची शाळेच्या पुस्तकात एक ओळही नसते, याचं मला फार वाईट वाटतं.

सगळेच इतके संथ नसतात. हिंदी महासागरात कायरेई नावाच्या उष्ण झऱ्यातला एक आर्किया 122 अंश सेल्सिअसलाही वाढतो, हे जपानी संशोधकांनी 2008 मध्ये दाखवलं. माझ्या वाट्याला आलेत ते थंड झऱ्यातले.

चिखल नायट्रोजन भरलेल्या पेटीत हाताळायचा, काचेच्या बाटलीत घालून जाड रबरी बूच लावायचं, वरच्या मोकळ्या जागेत मिथेन भरायचा. माध्यमात, म्हणजे जंतू वाढवायच्या द्रावात, रेझाझुरिन नावाचं रंगद्रव्य टाकलेलं असतं. ऑक्सिजन जरासा जरी शिरला तरी रंगहीन पाणी गुलाबी होतं. मग अधूनमधून सुईने थोडं पाणी काढून सल्फाइड मोजायचं. आकडा जरा जरी चढला तरी त्या दिवशी जेवण गोड लागतं.

जपानमध्ये 2006 साली नानकाई भागातल्या मिथेनच्या झऱ्यातून, अडीच हजार मीटर खोलीवरून असाच चिखल आणला होता. तो तिथल्या संशोधकांनी आधी दोन हजारांहून जास्त दिवस मिथेन देत बायोरिअ‍ॅक्टरमध्ये ठेवला. त्यातून वेगळा काढलेला आर्किया, माणसासकट सगळ्या प्राणी-वनस्पतींच्या पेशींच्या पूर्वजांशी जवळचं नातं असलेला, 2020 मध्ये जगासमोर आला. त्या चिखलाने मधल्या काळात किती हात पाहिले असतील!

आपल्याकडे फेलोशिप पाच वर्षांची. म्हणून माझा प्रबंध चिखलातल्या डीएनएच्या वाचनावर उभा आहे, त्याला काही वाढायची वाट पाहावी लागत नाही. तो पुढच्या वर्षी सादर होईल, मामीला तसं सांगितलंय. बाटल्यांमध्ये तोवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच पिढ्या झालेल्या असतील. त्या बाटल्या मी माझ्या ज्युनिअरकडे सोपवणार आहे, आणि तिचीही फेलोशिप पाचच वर्षांची आहे. बाटल्यांतले असे संथ जीव वर्षानुवर्षं सांभाळायला प्रयोगशाळेत एक तरी कायमचं पद हवं.