म्हजो चवकोन खंय?

आमचा छापखाना म्हापशात. लग्नपत्रिका, जत्रेच्या पावत्या, तियात्राची म्हणजे कोंकणी नाटकांची पोस्टरं, असाच सगळा माल. हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजात बसला, तो पाद्र्यांच्या हातून. म्हणजे चर्च आणि शाई यांची सोयरीक इथे जुनीच. तरी फेस्ताची, म्हणजे चर्चच्या सणाची, पत्रकं सोडली तर चर्चचं मोठं काम माझ्याकडे कधी आलं नव्हतं.

एप्रिलात जवळच्या गावचे फादर आले. सोबत फाबरिकेचे, म्हणजे चर्चचा जमाखर्च बघणाऱ्या समितीचे, खजिनदार. छपराचे वासे वाळवीने खाल्लेले, पावसाआधी कौलं उतरवायची होती. घरटी एक पत्रक आणि पैसे घालून परत द्यायचं एक पाकीट, असं काम.

पत्रक ए-फोरचं, तीन भागांत दुमडलेलं. दुमडल्यावर रुंदी ९९ मिलिमीटर आणि नऊ-बाय-चार इंची पाकीट जेमतेम १०१. जाड कागद घेतला तर आत सरकवताना कोपरे मोडतात. खजिनदारांना चकचकीत आर्ट पेपर हवा होता. मी ७० जीएसएमचा मॅप्लिथो, म्हणजे साधा पातळ कागद, गळ्यात मारला. फादर खूश झाले. पैसे मागायचं पत्रक श्रीमंत दिसू नये, म्हणाले.

मजकूर रोमी कोंकणीत, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीत. इथे माझी फजिती झाली. फॉन्ट बदलताना अनुनासिकाची नागमोडी रेघ सगळीकडून गळाली आणि मला पत्ताच नाही. फादरांनी प्रूफवर लाल पेनाने एकेक लाट काढली. सतरा निघाल्या.

पाकिटावर मात्र मी डोकं चालवलं होतं. देवस्थानांच्या पावत्या छापून हात बसलेला. चार चौकोन टाकले, ५००, १०००, २०००, ५०००. खुणेसाठी. खजिनदारांना एकदम पटलं. माणूस आकडा बघतो, मग खिशात हात घालतो, हे त्यांचं म्हणणं आणि खरं सांगायचं तर माझंही.

दुसऱ्या खेपेला फादरांबरोबर एक म्हातारी आंटी होती, आल्तारावर, म्हणजे चर्चच्या वेदीवर, फुलं लावणारी. पंख्याखाली कागदाच्या रिमांवर बसली आणि डमी पाकीट हातात घेऊन उलटसुलट बघत राहिली.

"म्हजो चवकोन खंय?"

माझा चौकोन कुठे, असं विचारत होती. टोमणा नव्हता. चष्मा काढून, पाकीट डोळ्यांजवळ धरून ती खरोखरच शोधत होती.

"आंटी, तुमी कितेंय दियात," काहीही द्या, खजिनदार घाईघाईने म्हणाले.

"मागीर हें कित्याक छापलां?" मग हे कशाला छापलंय, आंटीने विचारलं.

फादर काही बोलले नाहीत. बायबलातली, गरीब विधवेने दान केलेल्या दोन नाण्यांची गोष्ट सांगतील असं मला वाटलं होतं, ते मला एवढंच म्हणाले, "प्लेट झाली?"

झाली होती. छपाईची प्लेट सकाळीच आणून टेबलाखाली ठेवली होती. मी "नाही" म्हटलं. का म्हटलं कुणास ठाऊक, पाचशे रुपये पाण्यात गेले.

मग नव्याने बसलो. चौकोन उडवले, त्या जागी एक कोरी ओळ. नावाची ओळ फादरांनी खोडली. खजिनदारांना हिशेब लागतो, म्हणून पाकिटावर नुसता नंबर मारायचं ठरलं. आकडे सगळे पत्रकाच्या आत गेले, पण देणाऱ्याचे नव्हेत, छपराचे: कौलं किती, वासे किती, सुताराची मजुरी किती. खजिनदार शेवटपर्यंत कुरकुरत होते. आकडा नसला की लोक दहा रुपये घालून पाकीट चिकटवतात, म्हणाले. तेही खोटं नाही.

निघताना आंटीने ते चौकोनवालं डमी पाकीट मागून घेतलं. फुलांच्या बिया ठेवायला.

पुढच्या आठवड्यात एका देवस्थानची मंडळी पावतीचा कच्चा नमुना घेऊन आली. चौकोन होते. १००१, २००१, ५००१. मी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि विचारलं, "किती पुस्तकं?"