एकाच छताखालचे फिंच आणि बटेर

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी दवाखाना उघडताच, निफाडच्या बाजूने आलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी माझ्या टेबलावर दोन गोष्टी ठेवल्या. बुटाच्या खोक्यात झेब्रा फिंच या चिमणीहून लहान पाळीव पक्ष्याची एक मादी पिसे फुलवून बसली होती आणि वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेली दुसरी मादी रात्रीतच मेली होती. सर म्हणाले, "डॉक्टर, या पंधरवड्यातली ही तिसरी. यांना थंडी बाधतेय का हो?" निफाडची थंडी ठाऊक असलेल्या कुणालाही हीच शंका आली असती. मात्र खोक्यातल्या मादीचे पाय फाकलेले होते, प्रत्येक श्वासाबरोबर तिची शेपटी वरखाली होत होती आणि पोटाचा मागचा भाग टरारून फुगला होता. तिच्या पोटात अंडे अडकले होते.

झेब्रा फिंचच्या मादीचे वजन साधारण १२ ते १५ ग्रॅम भरते आणि तिचे अंडे एक ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे एवढ्याशा जिवाला आपल्या वजनाच्या चौदाव्या-पंधराव्या भागाइतके ओझे रोज एक याप्रमाणे चार-सहा दिवस बाहेर टाकायचे असते. ते अडकले की घाबरून पोट दाबण्याचा मोह अनेकांना होतो, आणि त्यासारखा घातक उपाय नाही, कारण अंडे आत फुटले तर कवचाच्या कडा आतून जखमा करतात आणि सांडलेला बलक पोटात कुजू लागतो. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल नसते. छातीच्या हालचालीवरच त्यांचा श्वास चालतो, त्यामुळे नुसते घट्ट धरले तरी ते गुदमरतात. मी तिची मान दोन बोटांच्या बेचक्यात सैल धरली आणि आधी औषधाचा हिशेब केला. १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटच्या एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते आणि १४ ग्रॅमच्या पक्ष्याला त्यातले जेमतेम एक मिलिग्रॅम पुरते. इन्शुलिनच्या सिरिंजवर ते एक रेघसुद्धा नीट भरत नाही, शिवाय इतके तीव्र औषध त्या पातळ कातडीखाली गेले तर इजा करते. म्हणून ते सलाइनमध्ये दहापट पातळ करून त्यातले ०.१ मिलिलिटर त्वचेखाली दिले, मागच्या बाजूला थोडे वंगण लावले आणि तिला ३२ अंशांच्या आसपास ऊब असलेल्या पेटीत ओल्या कापडाशेजारी ठेवून पेटी झाकली. अशा वेळी ऊब, दमटपणा आणि शांतता यांचे काम औषधाइतकेच मोलाचे असते.

तोवर सरांची परवानगी घेऊन मी मेलेल्या मादीचे शवविच्छेदन केले. तिच्या पोटातल्या अंड्याचे कवच भिजलेल्या कागदासारखे बोटाखाली दबत होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट पायात दिसली. कात्रीने पायाचे हाड तोडताना जो बारीक आवाज यायला हवा तो आला नाही. हाड आधी वाकले आणि मग तुटले. अंडी घालण्याच्या दिवसांत मादीच्या लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा एक तात्पुरता साठा तयार होतो आणि कवच घडवताना रक्तात कॅल्शियम कमी पडले की शरीर त्या साठ्यातून उचल करते. या मादीच्या हाडाची पोकळी रिकामी होती. कॅल्शियम कमी पडले की कवच तर पातळ होतेच, पण अंडे पुढे ढकलणारे स्नायूही त्याच्याविना आकुंचन पावत नाहीत, आणि म्हणून पूर्ण वाढलेले, नेहमीच्या आकाराचे अंडेसुद्धा वाटेतच थांबते.

हे समजावून सांगितल्यावर सर बुचकळ्यात पडले. "समुद्रफेस तर बाराही महिने टांगलेला असतो, आणि तो त्या टोचतातही," असे त्यांनी ठामपणे सांगितले. समुद्रफेस म्हणजे कटलफिश या समुद्री प्राण्याचे आतले कवच, ते पक्ष्यांना कॅल्शियमसाठी देतात. त्यांचे म्हणणे खरे असेल, तर कॅल्शियम पोटात जात होते आणि तरीही रक्तात पोहोचत नव्हते. रक्ततपासणीने याचा निवाडा झाला असता, पण पक्ष्याच्या वजनाच्या एक टक्क्याहून जास्त रक्त काढू नये असा दंडक आहे. १४ ग्रॅमच्या आणि आधीच थकलेल्या मादीकडून मिळणाऱ्या एक-दोन थेंबांसाठी तिचा जीव धोक्यात घालणे मला मान्य नव्हते. दुपारी एकच्या सुमारास तिने अंडे घातले, पातळ आणि खरबरीत कवचाचे, आणि थोड्याच वेळात ती पाण्याच्या वाटीशी गेली. तिला त्याच पेटीत ठेवून मी सरांबरोबर त्यांच्या घरी निघालो, कारण उत्तर आता पिंजऱ्यातच सापडण्यासारखे होते.

घरामागे भिंतीला लागून माणूस उभा राहील एवढा मोठा, जाळीचा पिंजरा होता. वर झेब्रा आणि बंगाली फिंच, त्यांच्यासाठी ओळीने टांगलेली लहान मडकी, आणि खाली वाळू व सुक्या गवतावर जपानी बटेर. अशा ठिकाणी गेल्यावर आपल्याकडची एखादी लाल मुनिया किंवा ठिपकेवाली मुनिया आत नाही ना, हे मी प्रथम पाहतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्या पाळता येत नाहीत आणि बाजारात त्या रानातून पकडूनच आलेल्या असतात. इथे तशी एकही नव्हती, याचे मला मनापासून समाधान वाटले. फिंच आणि बटेर एकत्र ठेवण्याबद्दल माझे मत तितकेसे अनुकूल नाही, कारण मडक्यातून नुकतेच उतरलेले, नीट उडता न येणारे पिल्लू जमिनीवर पडले तर बटेर त्याला टोचून मारू शकतात, आणि वरची विष्ठा खालच्या खाद्यात पडते. सरांनी मात्र बटेरांच्या खाद्यावर आणि पाण्यावर तिरप्या फळ्या बसवून निदान दुसऱ्या प्रश्नाची चांगली सोय केली होती.

मी वर पाहिले आणि छताबद्दल विचारले. पूर्वी अर्ध्या भागावर पत्रा आणि अर्ध्यावर उघडी जाळी होती. मागच्या गारपिटीनंतर सरांनी संपूर्ण छत पॉलिकार्बोनेट या टणक, पारदर्शक प्लॅस्टिकचे केले होते. थंडी लागू नये म्हणून बाजूंनाही दिवाळीनंतर जाड प्लॅस्टिक लावले होते. आत उजेड इतका स्वच्छ होता की पक्षी उन्हापासून तुटले आहेत, ही शंका कुणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते. पण ड जीवनसत्त्व तयार करायला लागणारे अतिनील किरण पॉलिकार्बोनेट जवळजवळ पूर्णपणे अडवते, आणि ड-३, म्हणजे या जीवनसत्त्वाचा पक्ष्यांना उपयोगी पडणारा प्रकार, नसेल तर आतड्यातून कॅल्शियम पुरेसे शोषले जात नाही. समुद्रफेस कितीही टोचला तरी त्यातला बराचसा भाग तसाच बाहेर पडत होता.

हा तर्क झाला; त्याला आधार सरांच्या पत्नीने, काकूंनी दिला. चहाबरोबर त्यांनी आदल्या संध्याकाळी गोळा केलेल्या बटेरांच्या अंड्यांचे टोपले कौतुकाने पुढे केले. एकेक अंडे मी हातात घेऊन पाहिले. सुमारे दहा ग्रॅमची, तपकिरी ठिपक्यांची ती अंडी टणक आणि गुळगुळीत होती, एकाचेही कवच पातळ नव्हते. त्या बटेर माद्या जवळजवळ रोज एक अंडे घालत होत्या, म्हणजे कॅल्शियमचा त्यांचा खर्च फिंचपेक्षा कमी नव्हता, आणि त्या त्याच छताखाली, त्याच उजेडात राहत होत्या. फरक फक्त खाद्यात होता. बटेरांना सर अंड्यांवरच्या कोंबड्यांचे तयार खाद्य देत होते, ज्यात चुनखडीबरोबर ड-३ मिसळलेले असते. पोत्यावरच्या चिठ्ठीत ते छापलेलेही होते. फिंचना मात्र राळा, वरी आणि कोथिंबिरीची पाने एवढाच आहार होता. धान्याच्या दाण्यात ड-३ नसते. जाळीचे छत होते तोवर ही उणीव ऊन भरून काढत होते, त्यामुळे आधीच्या हिवाळ्यांत काही बिघडले नव्हते.

काकूंच्या वहीने उरलेला भाग पूर्ण केला. जुलैपासून मडकी एकदाही उतरवली नव्हती आणि बहुतेक माद्यांची ती अंड्यांची चौथी खेप होती. झेब्रा फिंचला मडके, दाणा आणि पाणी मिळत राहिले तर ती स्वतःहून थांबत नाही. तिला थांबवणे हे पाळणाऱ्याचेच काम आहे, आणि वर्षात दोन, फार तर तीन खेपांनंतर मडकी काढावीत असे मी प्रत्येकाला सांगतो. वरच्या दांडीवर एक तरुण नर तिरप्या पायावर तोल सावरत बसला होता. मऊ हाडांची खूण पिल्लांपर्यंत पोहोचली होती.

सरांनी लगेच विचारले, "घरात माझी ६०,००० युनिटची ड-३ ची पुडी आहे, ती पाण्यात टाकू का?" मी त्यांना कळकळीने थांबवले. ती पुडी प्रौढ माणसासाठी आठवड्याला एक अशी दिलेली असते. पक्ष्यांत ड-३ जास्त झाले की कॅल्शियम मूत्रपिंडात साचते आणि त्यातून ते दगावू शकतात. त्यांना पक्ष्यांसाठीचे, पाण्यात मिसळणारे द्रव कॅल्शियम व ड-३ मोजून ठरावीक दिवस द्यायला सांगितले. त्याच्या जोडीला बटेरांचीच अंडी उकडून, कवचासकट बारीक चुरून फिंचना द्यायला सुचवले, कारण बलकात ड-३ असते आणि कवचात कॅल्शियम. फक्त हा चुरा दोन तासांत उचलायचा, नाहीतर तो आंबतो.

मडकी त्याच संध्याकाळी उतरवली. पुढच्या रविवारी सरांनी दक्षिणेकडचा पॉलिकार्बोनेटचा पत्रा काढून तिथे बारीक जाळी बसवली आणि बाजूचे प्लॅस्टिक दिवसा गुंडाळून ठेवायला सुरुवात केली. त्या हिवाळ्यात आणखी एकही मादी दगावली नाही. दवाखान्यातून घरी गेलेली मादी नरांपासून वेगळ्या पिंजऱ्यात ठेवली आहे आणि हा हंगाम तिला विणीला लावायचे नाही, असे आमचे ठरले आहे. तिरप्या पायाच्या नराची हाडे आता घट्ट झाली असली तरी पाय सरळ होणार नाही. त्याच्यासाठी सरांनी एक दांडी रुंद आणि खाली बसवली आहे.