शिकागोच्या छताला टांगलेले दोन डाइव्ह बॉम्बर

शिकागोच्या मिडवे विमानतळावर काँकोर्स ए मध्ये एक खरंखुरं डाँटलेस विमान छताला टांगलेलं आहे. हे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकी नौदलाचं डाइव्ह बॉम्बर, म्हणजे जवळपास उभा सूर मारून बॉम्ब टाकणारं विमान. ते सुरक्षा तपासणीच्या पलीकडे असल्यामुळे हातात बोर्डिंग पास हवा. खालून माणसं खाण्याच्या पिशव्या सांभाळत गेटकडे पळत असतात, मान वर करायला कुणालाच सवड नाही. मला याचा वैताग येतो, कारण हे विमान पोटाखालूनच बघायचं असतं. त्याचं सगळं मर्म पंखांच्या मागच्या कडेला आहे.

ती कड उभी दुभंगते. एक पातं वर उघडतं, एक खाली, आणि दोन्ही पात्यांना बुंदीच्या झाऱ्यासारखी गोल भोकं. डाँटलेसच्या आधीच्या नॉर्थ्रॉप बीटी-१ वर बिनभोकांचे फ्लॅप उघडले की मागे हवेचे भोवरे उठायचे आणि शेपूट थडथडायची. शेपूट थडथडली की नेम गेलाच. भोकांतून थोडी हवा सोडल्यावर भोवरे मोडले आणि वेग धरून ठेवणारा अडथळा बराचसा तसाच राहिला. विमानतळावर उतरताना फक्त खालची पाती उघडायची, सूर मारताना दोन्ही. अभियंता एड हाइनमनने आखलेल्या या विमानाचे पंख दुमडत नाहीत, त्यामुळे विमानवाहू जहाजावर ते जागा जास्त अडवायचं. पण न दुमडणारा पंख हलका आणि मजबूत, आणि सूर मारून बाहेर येताना त्यावर येणारा ताण बघता मला हा सौदा योग्यच वाटतो.

सूर सुरू व्हायचा साधारण १५ ते २० हजार फुटांवरून. आधी सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबणारा पंप) खालच्या टप्प्यावर, काउल फ्लॅप म्हणजे इंजिनभोवतीच्या झडपा बंद, कॅनॉपी म्हणजे वैमानिकावरचं काचेचं झाकण मागे, मग डाइव्ह फ्लॅप उघडे. नाक ७० अंशांत खाली, वेग २४० नॉटच्या आसपास स्थिर. नेम, वारा, जहाजाचं वळण हे सगळं त्या अर्ध्या मिनिटात जुळवायचं. पॅनेलवरची गोळी मध्यभागी नसेल, म्हणजे विमान किंचित आडवं सरकत असेल, तर नेम धरायच्या दुर्बिणीत जहाज नीट दिसतं आणि बॉम्ब मात्र बाजूला पाण्यात पडतो. १,५०० ते २,००० फुटांवर बॉम्ब सोडायचा. पोटाखालचा १,००० पौंडी बॉम्ब नुसता सोडला तर तो विमानाच्याच पंख्यात जाईल, म्हणून एक दुबेळकी चौकट त्याला झुलवत पंख्याच्या घेऱ्याबाहेर नेते आणि मगच सोडते.

बिघाड दोन ठिकाणी. पहिला दुर्बिणीत: वरच्या थंड हवेत गार झालेली काच खालच्या दमट हवेत शिरली की तिच्यावर धुकं धरायचं, आणि नेमका नेम धरायच्या क्षणी जहाज दिसेनासं व्हायचं. डाँटलेसच्या एसबीडी-५ या आवृत्तीवर दुर्बीण काढून परावर्तक दर्शक (काचेवर नेमाची खूण उमटवणारा) बसवला तेव्हा हे दुखणं गेलं. दुसरा विजेच्या कळीत: ४ जून १९४२ ला, मिडवे बेटाजवळच्या लढाईत, यॉर्कटाउन या अमेरिकी विमानवाहू जहाजाच्या वैमानिकांनी बॉम्ब सज्ज करायची नवी कळ दाबली आणि चार बॉम्ब समुद्रात पडले. त्यांत तुकडीप्रमुख मॅक्स लेस्लीचाही होता. तरी तो बॉम्बशिवाय तुकडीसोबत खाली सुटलाच. त्या सकाळी डाँटलेसनी अकागी, कागा आणि सोर्यू ही जपानी विमानवाहू जहाजं पेटवली, दुपारी हिर्यू.

मधले दिवस मिशिगन अॅव्हेन्यू, आर्ट इन्स्टिट्यूट आणि पचायला जड डीप-डिश पिझ्झ्यात गेले. नेव्ही पिअरबद्दल मात्र तक्रार आहे. पाळणा, पॉपकॉर्न आणि गोंगाट यांत कुणाला जाणवतही नाही की इथून वुल्व्हरिन आणि सेबल निघायच्या. बाजूच्या वल्ह्यांच्या चाकांनी पाणी कापणाऱ्या, कोळसा जाळणाऱ्या प्रवासी बोटींवर सपाट डेक चढवून केलेली ही सरावाची विमानवाहू जहाजं. त्यांच्यात हँगर नाही, लिफ्ट नाही, वेग १८ नॉटच्या पुढे नाही. तळ्यावर वारा पडला की डेकवर पुरेशी हवा मिळायची नाही आणि डाँटलेस किंवा टॉर्पेडो टाकणारं अॅव्हेंजर यांसारखी जड विमानं उतरवणं थांबायचं. फसलेली विमानं तळ्यातच जायची. शंभराहून जास्त बुडाली. छताला टांगलेलं हे डाँटलेसही मिशिगन तळ्यातूनच काढलेलं. थंड गोड्या पाण्यात धातू टिकला, समुद्रात एवढा टिकला नसता.

मग ग्रिफिन म्युझियम ऑफ सायन्स अँड इंडस्ट्री. तिथे वर टांगलेला स्टुका, म्हणजे जर्मन डाइव्ह बॉम्बर, आहे, जगात उरलेल्या दोन अखंड स्टुकांपैकी एक. दुसरा लंडनला. डाँटलेस बघून इथे या, उलट नको. त्याच प्रश्नाला जर्मनांनी वेगळं उत्तर शोधलं: पंखाखाली अरुंद पट्ट्यांचे ब्रेक, तशीच झुलती चौकट, आणि बॉम्ब सुटला की नाक आपोआप वर आणणारी यंत्रणा, कारण सुरातून ओढून बाहेर येताना वैमानिकाच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. गंमत अशी की जर्मन वैमानिक अर्न्स्ट उडेटने सूर मारण्याची कल्पना अमेरिकेतच पाहिली आणि १९३३ मध्ये दोन कर्टिस हॉक विमानं विकत नेली. स्टुकाची जहाजावरची आवृत्ती, दुमडत्या पंखांची, तयार झाली होती. तिचं जहाज ग्राफ झेपेलिन मात्र कधीच पुरं झालं नाही.

शेवटी ब्लू लाइनने थेट फॉरेस्ट पार्क. पाहण्यासारखं काही नाही, हे आधीच सांगतो. युद्धकाळात इथल्या अॅमरटॉर्प कारखान्यात मार्क १३ हा विमानातून टाकायचा टॉर्पेडो बनायचा, आणि माझ्या मते मिडवेची अर्धी गोष्ट या टॉर्पेडोची आहे. वजन सुमारे २,२०० पौंड. सुरुवातीचा नियम: ५० फुटांवरून, ११० नॉटच्या वेगाने टाका. म्हणजे सरळ, सपाट, हळू, तोफांच्या तोंडावर. पाण्यात त्याचा वेग ३३.५ नॉट. पाठ फिरवून पळणाऱ्या जपानी जहाजाला तो जेमतेम गाठायचा. ४ जूनला टॉर्पेडो टाकणारी जुनी डेव्हास्टेटर विमानं गेली ४१, डेकवर परत उतरली चार, टॉर्पेडो एकही लागला नाही. दोष सगळे जुन्या विमानाला देतात. पण त्याच सकाळी मिडवे बेटावरून कोरी करकरीत सहा अॅव्हेंजर गेली होती. त्यांतलं एकच परतलं.

१९४३ च्या चाचण्यांत १५० नॉटच्या वर टाकलेल्या १०५ टॉर्पेडोंपैकी जेमतेम ३१ टक्के नीट चालले. बाकीच्यांत इंजिन सुरूच न होणे, बुडणे, भरकटणे, चुकीच्या खोलीवर जाणे, कधी एकाच टॉर्पेडोत दोन-दोन दोष. यावरचा इलाज भलताच साधा निघाला. नाकावर प्लायवुडचं कडं, जे हवेत वेग कमी करतं, पाण्याचा पहिला तडाखा झेलतं आणि फुटून जातं. शेपटीवर लाकडी पेटी, जी हवेत त्याला सरळ ठेवते. शेवटी शेपटीच्या पंखांभोवती धातूचं कडं वेल्ड केलं, तेव्हा पाण्यात लोळणं थांबलं. यानंतर अॅव्हेंजर कितीतरी उंचावरून आणि दुपटीहून जास्त वेगाने टॉर्पेडो टाकू लागली. ७ एप्रिल १९४५ ला यामातो या जपानी युद्धनौकेवर बहुतेक टॉर्पेडो ठरवून डाव्या बाजूलाच मारले, म्हणजे उजवीकडे पाणी भरून तोल सावरणं तिला जमू नये.

कारखान्याच्या जागी आता दुकानं आणि मोठं पार्किंग आहे.