तुम्ही विचारलंत म्हणून : अंगणातल्या मोहोळाचे काय करावे?

पावसाळा सरून झाडे फुलू लागली की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो : "कढीपत्त्याला मोहोळ लागले आहे, घरात लहान मूल आहे, काय करू?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयार असते; धूर करावा की औषध मारावे, एवढेच त्याला ठरवायचे असते. मी मात्र उलट विचारतो की मोहोळ केवढे आहे आणि नेमके कुठे आहे, कारण आपल्याकडे घराजवळ येणाऱ्या माश्या एकाच जातीच्या नसतात, आणि एकीच्या बाबतीत जे शहाणपणाचे ते दुसरीच्या बाबतीत जिवावर बेतू शकते.

झुडपाच्या बारीक फांदीला वेढून बसलेले, तळहाताएवढे एकच पोळे असेल तर ती फुलोरी माशी समजावी. अंगणातल्या बहुतेक तक्रारी हिच्याच असतात, आणि ही बिचारी सगळ्यांत सोशिक. दोन हात अंतरावर शांत उभे राहून पाहिले तर पोळे दिसतच नाही, दिसतो तो एकमेकींना धरून बसलेल्या माश्यांचा जिवंत पडदा. अंगावर सावली पडली की तो सळसळतो आणि पुन्हा निवांत होतो. त्याहून पाहण्यासारखी गोष्ट फांदीवर असते. पोळ्याच्या दोन्ही बाजूंना या माश्या झाडांच्या चिकाचा चिकट पट्टा लिंपून ठेवतात. मुंगळा फांदीवरून तिथवर येतो, मिशा लावून चाचपतो आणि आल्या वाटेने परततो. अशा मोहोळाला हात लावण्याचे काहीही कारण नाही. कपडे वाळत घालायची दोरी थोडी सरकवावी, त्या झाडाची छाटणी पुढे ढकलावी, नळीने पाणी घालताना फवारा पोळ्यावर जाऊ देऊ नये आणि मुलाला ते लांबून दाखवून द्यावे, म्हणजे ते कुतूहलापोटी काठी घालणार नाही. आसपासची फुले संपली किंवा ऊन असह्य झाले की वसाहत आपणहून उठून जाते.

भिंतीच्या फटीतून मेण आणि डिंकाची इवलीशी नळी बाहेर आली असेल आणि तिच्या तोंडाशी मुंगीएवढ्या काळ्या माश्या ये-जा करत असतील, तर त्या पोयाच्या माश्या होत. त्यांना डंखच मारता येत नाही, तेव्हा तो विषय तिथेच संपवावा.

सातेरीचे थोडे वेगळे आहे. तिला अंधारी पोकळी लागते, म्हणून झाडाच्या ढोलीप्रमाणेच विजेच्या मीटरची पेटी, बंद पडलेला माठ किंवा जुन्या घराची भिंतही तिला चालते, आणि आत ती एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. मीटरची पेटी उघडणे भागच असेल तर इथे खरोखर उपाय आहे, कारण सातेरी लाकडी पेटीत नांदते. अनुभवी मधपाळ संध्याकाळच्या सुमारास पोळी अलगद कापून चौकटींना दोऱ्याने बांधतो आणि राणीसकट वसाहत पेटीत घेतो. महाबळेश्वर परिसरात सातेरी पाळणारी कुटुंबे आहेत, आणि पुण्यात 1962 पासून मधमाशीपालनाचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था आहे. माणूस शोधायचा तर अशा ठिकाणी विचारावे. फुलोरी आणि आग्या मात्र उघड्यावर एकच पोळे बांधणाऱ्या माश्या असल्यामुळे त्या पेटीत राहत नाहीत, कोणी कितीही खात्रीने सांगो.

कधी पोळे नसतेच, नुसताच माश्यांचा घोस आंब्याच्या फांदीला लोंबत असतो. तो वाटेतला मुक्काम असतो. नवी जागा हेरायला गेलेल्या माश्या परतल्या की घोस उडतो, बहुधा दोन-तीन दिवसांच्या आतच. राखायला घर नसल्यामुळे त्या सहसा अंगावर येत नाहीत.

ज्याला खरोखर भ्यावे ते आग्या मोहोळ. पाण्याच्या टाकीखाली, उंच छज्जाला किंवा पिंपळावर लटकलेले हे हातभर रुंद पोळे ओळखायला वेळ लागत नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत आणि गडकिल्ल्यांवर माश्या उठल्याच्या बातम्या येतात त्या यांच्याच. डंख मारताना माशीची नांगी कातडीत अडकून राहते आणि तिथून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो. तो वास इतर माश्यांना तिथेच बोलावतो, म्हणून हात झटकत उभे राहणे हा सर्वांत वाईट पर्याय. डोके-तोंड झाकून सरळ पळावे आणि घरात शिरून दार लावावे. या मोहोळाजवळ धूर आणि फटाके नकोत, आणि दिव्याकडे झेपावण्याची या माश्यांना सवय असल्याने रात्री जवळच्या गॅलरीतला दिवा बंद ठेवावा. जाण्यायेण्याच्या वाटेवरच असेल तर जाणकार माणसालाच बोलवावे. रात्री पलिते लावून मोहोळ जाळणारे स्वस्तात मिळतात, पण मला ते क्रूर आणि निरुपयोगी दोन्ही वाटते, कारण आग्या माश्या वर्षानुवर्षे ठरावीक जागीच परततात. विषारी फवाऱ्याबद्दलही माझे मत तेच : पोळ्यात मागे राहिलेला विषारी मध दुसऱ्या वसाहतींच्या माश्या लुटून नेतात.

एखादा डंख बसलाच तर नांगी नखाने खरवडावी की चिमटीने ओढावी, या वादात न पडता ती तत्काळ काढावी, कारण तिच्यातून विष उतरतच असते. श्वास लागला, चेहरा सुजला, अंगभर गांधी उठल्या किंवा एकाच वेळी पुष्कळ डंख बसले, तर घरगुती उपचारांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

राहिला मधाचा प्रश्न, जो बहुतेक जण फोन ठेवता ठेवता विचारतात. फुलोरीचा मध पोळ्याच्या वरच्या, फांदीला वेढलेल्या भागात असतो. खालचा सगळा भाग अंड्यांचा आणि अळ्यांचा. आपणहून जाताना माश्या तो मध पोटात भरून नेतात, त्यामुळे वाट पाहणाऱ्याच्या हाती रिकामे मेण लागते. ज्याला मध हवा असेल त्याने खादी ग्रामोद्योगच्या दुकानातून बाटली आणावी.